विद्यापीठाच्या आवारातील वाहनतळ : प्रा. शूप यांच्या उपपत्तीचे परीक्षण

विद्यापीठाच्या आवारात कोणी, कोठे आणि कोणत्या अटीवर वाहन लावावे हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अध्यापकाने चर्चेस घ्यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयावर गेल्या वीस वर्षांत ज्या ग्रंथाने सर्वाधिक मतांतर घडवून आणले तो बारकाईने वाचला म्हणजे असे दिसते की, त्याचे निम्मे बळ आकडेमोडीत आहे आणि निम्मे शब्दार्थाच्या चिकित्सेत आहे. 'गरज', 'मागणी' आणि 'मोफत' हे शब्द नगररचनाकार ज्या सैलपणाने वापरतात त्या सैलपणावरच ग्रंथकाराने बोट ठेवले आहे. तेव्हा त्याच कसोटीवर ग्रंथकाराची स्वतःची परिभाषा कितपत उतरते, हे तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

ग्रंथकार म्हणजे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचनेचे अध्यापन केलेले प्रा. डोनाल्ड शूप. त्यांची डॉक्टरेट येल विद्यापीठाची व अर्थशास्त्राची. 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हा त्यांचा ७०० हून अधिक पृष्ठांचा ग्रंथ २००५ मध्ये अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनने प्रसिद्ध केला. त्यातील तत्त्वे विद्यापीठाच्या आवारास लावून दाखविणारा स्वतंत्र निबंध त्यांनी २००८ मध्ये एका संपादित संग्रहात लिहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. एवढ्या रुक्ष विषयावर एवढा मोठा आणि एवढा वाचनीय ग्रंथ लिहिणारा दुसरा लेखक सहज आठवत नाही. त्याच्या वाचनीयतेचे श्रेय बव्हंशी उपहासाला आहे. आणि क्वचित् तो उपहास पुनरुक्तीच्या वळणावर जातो, हेही येथे नमूद करावयास हवे. एकच मुद्दा वैद्यक, ज्योतिष आणि फाशांचे खेळ अशा निरनिराळ्या रूपकांनी पटवून देण्याची हौस थोडी आवरली असती, तर ग्रंथाचा एखादा चतुर्थांश सहज वाचला असता.

प्रथम त्यांच्या खंडनाकडे वळू. अमेरिकेत वाहतूक-अभियंत्यांच्या संस्थेने 'पार्किंग जनरेशन' या नावाची एक मार्गदर्शिका तयार केली. तीत प्रत्येक प्रकारच्या इमारतीस, म्हणजे दुकान, कचेरी, उपाहारगृह, महाविद्यालय इत्यादिकांस, वाहनांसाठी किती जागा लागते याचे आकडे दिलेले असतात. हे आकडे येतात कोठून? निरीक्षक एखाद्या उपनगरातील इमारतीकडे जातो. तेथे बस बहुधा पोहोचत नाही. मोटार लावण्यास पैसे पडत नाहीत. सर्वाधिक गर्दीच्या घटकेस तेथे किती मोटारी उभ्या आहेत हे तो मोजतो. अशा थोड्याशा निरीक्षणांतून सरासरी निघते, ती दशांश चिन्हापुढील दोन स्थळांपर्यंत छापली जाते, आणि मग नगरपालिका तीच सरासरी नियम म्हणून सर्व नव्या इमारतींवर लादते. एका विशिष्ट परिस्थितीत लोक काय करतात याचे वर्णन, सर्व परिस्थितींत लोकांना काय हवेच असते याचा आदेश बनून जाते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रमाद नवा नाही. वर्णनात्मक व्याकरण आणि आदेशात्मक व्याकरण यांतील भेद हा आपल्या शास्त्राचा पहिला पाठ. एका काळच्या, एका प्रदेशातील, एका वर्गाच्या बोलीचे निरीक्षण करावयाचे आणि तेच 'शुद्ध' म्हणून इतरांच्या माथी मारावयाचे, हा प्रकार व्याकरणाच्या इतिहासात वारंवार घडला आहे. शूप यांनी नगररचनेत नेमका हाच प्रकार पकडला. मार्गदर्शिकेच्या नावातील रूपकही लक्षणीय आहे. इमारत वाहनांना 'जन्म देते' असे ते नाव सुचविते. जणू महाविद्यालयाच्या भिंती उभ्या राहिल्या की त्यांच्या पोटी मोटारी आपोआप उपजतात, आणि भाडे, पगार, बसचे वेळापत्रक किंवा पदपथ यांचा त्या उत्पत्तीशी काही संबंध नाही. ज्या वाक्यात कर्ता म्हणून इमारत येते त्या वाक्यात निर्णय घेणारा माणूस दिसेनासा होतो.

दुसरा शब्द 'फ्री'. इंग्रजीत या एका शब्दात 'मोकळे' आणि 'पैसे न पडणारे' असे दोन अर्थ एकत्र नांदतात आणि त्यामुळे 'फ्री पार्किंग' हे जणू नागरिकाचे स्वातंत्र्यच वाटते. मराठीत या अर्थक्षेत्राची वाटणी निराळी आहे, आणि ती शूप यांच्या प्रतिपादनास विलक्षण उपकारक आहे. 'विनामूल्य' हा तत्सम शब्द प्रायः शासकीय व जाहिरातींच्या भाषेतला. घेणाऱ्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत एवढेच तो सांगतो. 'मोफत' हा फारसीच्या वाटेने आलेला शब्द. मोफत दवाखाना, मोफत शिक्षण अशा प्रयोगांत कोणीतरी देणारा, खर्च सोसणारा गृहीत असतो आणि त्याच्याविषयी थोडी कृतज्ञताही असते. 'फुकट' या देशी शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा एक अर्थ पैशाविना, आणि दुसरा अर्थ व्यर्थ. दिवस फुकट जातो, मेहनत फुकट जाते; आणि फुकटचे खाणारा म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. पैसे न देता मिळालेली वस्तू वाया जाते आणि तिचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, हे दोन्ही आरोप या एका शब्दात सामावले आहेत. शूप यांच्या ग्रंथाचा सिद्धान्त तरी याहून वेगळा कोठे आहे? मोटारीने केलेल्या अमेरिकेतील शंभरांपैकी नव्व्याण्णव फेऱ्यांच्या शेवटी मोटार लावण्यास काही पैसे पडत नाहीत, असे १९९० च्या राष्ट्रीय प्रवास-पाहणीच्या आधारे ते सांगतात. परंतु जमीन, डांबर, रंगाच्या रेघा, पहारेकरी आणि दिवे यांचा खर्च होतच असतो. तो घरभाड्यात, मालाच्या किमतीत, आणि विद्यापीठाच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या शुल्कात मिसळून जातो. जो पायी येतो तोही तो भरतो.

आपल्याकडील 'वाहनतळ' हा शब्द 'विमानतळ' याच्या धर्तीवर घडविलेला, आणि तो चांगला घडला आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीत तळ हा सैन्याचा, तांड्याचा, काही काळापुरता पडणारा मुक्काम. परंतु 'तळ ठोकून बसणे' म्हणजे उठावयास नकार देणे. सामान्य मोटार आपल्या आयुष्यातील सुमारे ९५ टक्के काळ उभी असते, हे शूप यांनी दाखविलेले सत्य या वाक्प्रचारात अगोदरच सुचविलेले आहे. तथापि बोलण्यात हा शब्द रुळला नाही. लोक 'पार्किंग' म्हणतात. आणि क्रिया सांगावयाची असेल तर अस्सल मराठीत 'गाडी लावली' असे म्हणतात. झाड लावणे, दार लावणे, भांडी लावणे यांच्या पंक्तीत बसलेले हे 'लावणे' वस्तू आपल्या योग्य ठिकाणी ठेवल्याचे समाधान व्यक्त करते. ते ठिकाण कोणाचे, हा प्रश्न त्या क्रियापदास पडत नाही.

आता विद्यापीठाकडे वळू. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत आधुनिक विद्यापीठाची थट्टा करताना असे सुचविले होते की, आपापला स्वतंत्र व्यवसाय थाटून बसलेल्या प्राध्यापकांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे वाहनाच्या जागेविषयीचे सामाईक गाऱ्हाणे होय. शूप यांच्या दृष्टीने ही थट्टा फार गंभीर आहे. विद्यापीठ हे त्यांना शहराचे छोटे प्रतिरूप वाटते: जमीन एका मालकाची, नियम करणाराही तोच, वापरणारे हजारो, आणि वाटणीचे तत्त्व मात्र बाजारभावाचे नसून पदाचे. प्राध्यापकास एका रंगाचा परवाना, कारकुनास दुसऱ्या, विद्यार्थ्यास तिसऱ्या. बर्कली येथे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या प्राध्यापकांसाठी त्यांच्या सन्मानाची आद्याक्षरे लिहिलेल्या जागा राखीव असतात, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. आणि एवढे करूनही परवाना म्हणजे जागा नव्हेच; तो केवळ जागेची शिकार करण्याचा परवाना, हा अमेरिकन आवारांतील जुना विनोद आहे.

पदानुसार किंवा 'गरजे'नुसार वाटणी केली म्हणजे गरज सिद्ध करण्याची स्पर्धा सुरू होते. १९९९ मध्ये शूप यांच्याच विद्यापीठातील अनेक फुटबॉल खेळाडूंवर अपंगांसाठी असलेले वाहन-परवाने खोट्या कारणांनी मिळविल्याबद्दल फिर्याद झाली. धडधाकट खेळाडूंनी मैदानापर्यंतच्या चालण्याचे श्रम वाचविण्यासाठी अपंगांच्या जागा बळकावाव्यात, यापेक्षा नियमाची मोठी विटंबना दुसरी नाही. आणि ज्याला त्या जागेची खरोखरच गरज होती त्याला त्या दिवशी कोठवर चालावे लागले असेल, याचा हिशोब कोणत्याही खटल्यात निघत नाही.

यावर शूप यांचा उपाय सरळ आहे. प्रत्येक जागेस भाव लावावा. तो स्थळ आणि वेळ यांनुसार कमीअधिक असावा. आणि तो इतका असावा की कोणत्याही वेळी सुमारे सातांत एक जागा रिकामी राहील. नवीन बहुमजली वाहनतळ बांधण्यापूर्वी त्याचा खर्च त्यात मोटार लावणाऱ्यांकडून निघतो काय हे पाहावे. मिळणारा पैसा आवारातच खर्च व्हावा. आणि जो मोटार आणीत नाही त्याला त्या सवलतीएवढे मोल रोखीने वा बसच्या पासाच्या रूपाने मिळावे. हे शेवटचे तत्त्व कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये काही मालकांपुरते कायद्यात आणले. शूप यांनी लॉस एंजेलिस परिसरातील आठ संस्थांची पाहणी केली तेव्हा एकट्याने मोटार चालवीत येणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यांच्या विद्यापीठात २००० साली 'ब्रुइनगो' ही योजना सुरू झाली: ओळखपत्र दाखवून शेजारच्या सांता मोनिका नगराच्या बसमधून भाडे न देता प्रवास. पहिल्याच वर्षी आवाराकडे येण्यासाठी होणारा बसचा वापर ५६ टक्क्यांनी वाढला आणि एकट्याने मोटारीने येणे २० टक्क्यांनी घटले, असे शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने त्याआधीच, १९९१ मध्ये, स्वस्त सार्वत्रिक पास आणि वाहनतळाच्या दरात वाढ या दोन गोष्टी एकत्र आणल्या होत्या.

हे सर्व मान्य करण्यास हरकत नाही. किंबहुना, त्यातील न्यायाचा भाग आपल्याकडे अधिकच तीव्रतेने लागू पडतो. भारतीय मानकांत एका मोटारीच्या जागेसाठी साधारणतः २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर क्षेत्र धरतात; आत येण्याची व वळण्याची वाट धरल्यास ते सुमारे दुप्पट होते. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एका वाचकामागे सुमारे अडीच चौरस मीटर धरण्याची रूढी आहे. म्हणजे एका मोटारीच्या वाट्यास येणाऱ्या क्षेत्रात दहा वाचक बसतील. उघडे मैदान आणि छपराखालील कक्ष यांची अशी तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे खरे. तथापि ज्या विद्यापीठात अभ्यासिकेच्या दाराशी सकाळी रांग लागते आणि मुख्य इमारतीच्या सावलीतली जागा मात्र दिवसभर एका मोटारीकडे असते, तेथे ही तुलना निदान एकदा कागदावर मांडावयास हवी. सावलीचे पैसे रांगेतल्या मुलानेही भरलेले आहेत.

मतभेदाचा मुद्दा यापुढे येतो. 'गरज' या शब्दावर शूप यांनी घेतलेला आक्षेप असा होता: विशिष्ट परिस्थितीत घडलेल्या वर्तनास तुम्ही वस्तूचा स्वभाव समजता. आता त्यांचा स्वतःचा पारिभाषिक शब्द घ्या, 'मागणी'. अमुक भाव लावला असता अमुक इतके लोक जागा घेतात, यावरून त्यांना ती जागा किती मोलाची वाटते हे कळते, असे त्यांच्या विवेचनात गृहीत आहे. परंतु हेही विशिष्ट परिस्थितीतलेच वर्तन होय. विद्यापीठात भाव ठरविणारा आणि पगार ठरविणारा एकच असतो. ज्येष्ठ प्राध्यापक, तासिकातत्त्वावरील अध्यापक, कंत्राटदाराकडील सफाई कामगार आणि वसतिगृहाबाहेर राहणारा विद्यार्थी यांच्यापुढे एकच दर ठेवला, तर त्यांच्या उत्तरांतून जागेचे मोल किती आणि त्यांच्या खिशाचे माप किती हे वेगळे काढणार कसे? पहाटे सहाला झाडू हातात घेणाऱ्या बाईस जवळच्या जागेची निकड मोठी असू शकते; तिची मागणी मात्र शून्य नोंदली जाईल. 'गरज' या शब्दाने परिस्थिती लपविली, असा ज्यांचा आरोप, त्यांच्या 'मागणी' या शब्दानेही ती लपतेच. फक्त लपविण्याची जागा बदलते.

याला शूप यांच्याकडे उत्तर नाही असे नव्हे. दूरच्या जागा स्वस्त ठेवा, मिळालेला पैसा बसवर खर्च करा, आणि गरिबास मोटारीची जागा देण्यापेक्षा रोख पैसे द्या, असे ते म्हणतील. आणि त्यांच्या विद्यापीठापुरते ते पुष्कळसे बरोबर ठरेल, कारण तेथे सांता मोनिकाची बस अगोदरच धावत होती. 'ब्रुइनगो'ने फक्त तिचे भाडे काढून टाकले. २० टक्क्यांच्या त्या आकड्यात बसच्या फेऱ्यांचा वाटा किती आणि भाडे माफ झाल्याचा किती, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये विद्यार्थ्यांस मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे; मार्च २०२३ पासून स्त्रियांस तिकिटात निम्मी सवलत आहे. भाड्याची बाजू आपल्याकडे पुष्कळ अंशी सुटलेली आहे. न सुटलेली बाजू वेळापत्रकाची. दुपारचे प्रात्यक्षिक सायंकाळी साडेसहाला संपते आणि गावाकडची शेवटची गाडी सहाला सुटते, या दोन घड्याळांमध्ये ज्याचे शिक्षण अडकलेले असते, तो कर्ज काढून दुचाकी घेतो. त्याच्या दुचाकीवर वाढीव दर लावला तर तिची संख्या घटेलही; ती कोणत्या मार्गाने घटली, हे दरपत्रक सांगणार नाही.

या दृष्टीने स्टॅनफर्ड विद्यापीठाचे उदाहरण शूप यांच्या सूत्रापेक्षा अधिक बोधप्रद वाटते. २००० साली सांता क्लारा परगण्याने त्या विद्यापीठास नव्या बांधकामाची परवानगी देताना अशी अट घातली की, गर्दीच्या वेळी आवाराकडे होणाऱ्या मोटारींच्या फेऱ्या वाढता कामा नयेत. पुढे विद्यापीठाने भाववाढ, मोफत बसप्रवास, मोटार न आणणाऱ्यास रोख मोबदला असे अनेक उपाय योजिले. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. काय साधावयाचे हे आधी, आणि विद्यापीठाबाहेरील सार्वजनिक सत्तेने ठरविले. भाव हे त्याचे एक साधन ठरले. शूप यांच्या विवेचनात भाव हे साधन असते आणि साध्य काय हे सांगणारा साक्षीदारही तोच असतो.

पदाच्या प्रश्नाविषयीही त्यांचे निदान थोडे उतावळे आहे. राखीव जागेची पाटी ते अकार्यक्षम वाटणीचे चिन्ह म्हणून वाचतात. परंतु चिन्हव्यवस्थेत कोणत्याही चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासूनच्या भेदाने ठरते, हे सोस्यूरपासून आपण शिकत आलो आहो. बर्कलीच्या त्या राखीव चौकोनाचे मूल्य त्याच्या क्षेत्रफळात नाही. शेजारच्या चौकोनात इतर कोणी मोटार लावू शकते आणि येथे लावू शकत नाही, यात ते आहे. तेव्हा लिलाव पुकारला तरी हा भेद नाहीसा होणार नाही. तो फक्त विद्वत्तेच्या हातून पैशाच्या हाती जाईल. नोबेल पारितोषिकाने मिळालेली जागा हास्यास्पद आहे, हे कबूल. पण ती संख्येने इतकी थोडी आहे आणि तिचा निकष इतका उघड आहे की, अनिष्ट मानाचिन्हांत ती सर्वांत निरुपद्रवी म्हणावी लागेल. आपल्याकडील पाट्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

कारण आपल्या पाट्यांत निकष सांगितलेलाच नसतो. 'अनधिकृत वाहनांवर कारवाई करण्यात येईल' हे वाक्य कोणत्याही आवारात आढळते. 'करण्यात येईल' या रचनेत कर्त्यास स्थान नाही; कारवाई कोण करणार, कोणाकडे दाद मागावयाची, हे व्याकरणानेच वगळले. 'अनधिकृत' हे विशेषण वाहनास लावलेले. वाहन अधिकृत कसे होते आणि कोणाच्या निर्णयाने, याविषयी मौन. 'फक्त अधिकाऱ्यांसाठी राखीव' यात तर अधिकार हा शब्द दोनदा काम करतो: पदनाम म्हणूनही आणि त्या पदास जागा का मिळावी याचे समर्थन म्हणूनही. भाव लिहिलेली पाटी निदान आपला निकष सर्वांसमक्ष सांगते, आणि ज्याला तो अन्याय्य वाटतो त्याला भांडावयास एक आकडा देते. शूप यांच्या बाजूने देता येणारे सर्वांत सबळ प्रमाण प्रस्तुत लेखकास हेच वाटते. त्यांनी स्वतः त्यावर फारसा भर दिलेला नाही.

परिमाणाचा एक प्रश्न उरतो. शूप यांच्या सर्व गणिताचे एकक मोटार हे आहे, आणि अमेरिकन आवारात ते साहजिकच आहे. आपल्याकडील आवारात दुचाकींची गर्दी असते. एका मोटारीच्या १२.५ चौरस मीटरांत, दोन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा हिशोबाने, सहा दुचाकी मावतात. मोटार हे एकक धरून 'वाहनतळ भरला' म्हणावयाचे की दुचाकी हे धरून, यावर कोणास दोष द्यावयाचा हे ठरते. महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने (मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळून) निरनिराळ्या वापरांच्या इमारतींसाठी मोटारी आणि दुचाकी या दोहोंच्या किमान जागा कोष्टकांत दिल्या आहेत. दोहोंची नोंद वेगळी होते, एवढी तरी प्रगती. परंतु 'किमान' हा शब्द तसाच राहिला. अमेरिकेतील बफेलो नगराने २०१७ मध्ये आपल्या किमान जागांच्या अटी काढून टाकल्या. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या परिवहन-थांब्यांजवळच्या बांधकामांस त्यांतून बहुतांशी मोकळे केले. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही वाहनतळाचा आकार जमिनीच्या मोलाशी जुळता असावा आणि त्यायोगे सार्वजनिक वाहतूक अधिक आकर्षक व्हावी, असे म्हटलेलेच आहे. धोरण एकीकडे आणि कोष्टक दुसरीकडे, असा हा व्यवहार आहे.

निवासी तांत्रिक संस्थांनी या सगळ्यास बगल देणारा तिसरा मार्ग काढला. पवईच्या संस्थेत वसतिगृहवासी विद्यार्थ्यांस यंत्रवाहन ठेवण्याची मनाई आहे आणि आवारात 'तुमतुम' नावाची बस फिरते. (हे नाव कोणत्याही समितीने घडविलेले नसावे, हे त्याच्या गोडव्यावरूनच समजते.) मात्र जेथे बहुसंख्य विद्यार्थी रोज बाहेरून येतात तेथे या उदाहरणाचा उपयोग थोडाच.

विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी या विषयावर पाहणी हाती घेणार असेल, तर 'पार्किंग जनरेशन'च्या निरीक्षकाप्रमाणे केवळ भरलेल्या तळावर जाऊन त्याने मोजणी करू नये. ती तासागणिक, दुचाकी व मोटार वेगळ्या धरून, परीक्षेच्या व सुटीच्या दिवशीही करावी. आणि तिच्या जोडीस दुसरी एक यादी असावी. भाषेच्या नमुन्यांचा कितीही मोठा संग्रह केला तरी बोलणारे काय बोलत नाहीत हे त्यात सापडत नाही. ते त्यांना विचारावे लागते. तसेच सायंकाळच्या तासिकेस नाव न घातलेली मुलगी, ग्रंथालय आठपर्यंत उघडे असता पाचलाच निघून जाणारा मुलगा, आणि गाडी चुकेल म्हणून प्रात्यक्षिक अर्धे टाकणारे विद्यार्थी वाहनतळावरच्या कोणत्याही मोजणीत येत नाहीत. त्यांची नोंद एस. टी. च्या थांब्यावर, सहाच्या सुमारास घ्यावी लागेल.